अर्धं डांबर

रस्त्याच्या डाव्या बाजूवर माझ्या मित्राच्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. कुणाची श्रद्धा देवावर, कुणाची पैशावर, मामांची डावीवर. पालघरजवळच्या माहीमला त्यांची केळी-पानवेलीची वाडी आहे, आणि दरवाजे सुतळीने बांधलेली एक जुनी लॉरी. वाडीतल्या पायवाटेवरसुद्धा ते डावीकडून चालत, आणि समोरून घागर घेऊन येणाऱ्या मामीनेही आपली डावी धरावी, असा त्यांचा आग्रह असे. "मी काय ट्रक हाय?" म्हणून ती करवादली, तर "सवय घरातनं लागते" असं म्हणत ते वाट अडवून उभे राहत. भाच्याच्या लग्नात वरात रस्ताभर पसरली, तेव्हा त्यांनी ती थांबवून सगळ्यांना डावीकडे एका रांगेत लावलं. त्यामुळे सनईवाला इतका पुढे गेला आणि ढोलवाला इतका मागे राहिला, की घर येईपर्यंत दोघांचा मेळ म्हणून बसला नाही.

पण या वेडाला कारण होतं. पालघर-मनोर रस्त्यावर तेव्हा डांबराचा पट्टा एकच, एका गाडीपुरता. दोन्ही अंगांना मातीची साइडपट्टी. समोरासमोर आलेल्या गाड्यांनी आपापली डावी चाकं मातीत उतरवायची आणि उजवी डांबरावर ठेवायची. अर्धं डांबर तुझं, अर्धं माझं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि सिमेंट-सळईचे ट्रक धावू लागले, तसा हा रिवाज मोडला. ट्रक कुणासाठी उतरेनात. बैलगाडी, टांगा, सायकल, सगळे निमूट मातीत. मामा मात्र आपली डावी चाकं तेवढी उतरवून थांबत, आणि ट्रक उतरेपर्यंत, आईबहिणीवरून शिव्या खात, इंचभर हलत नसत. मी त्या वेळी बोईसरच्या मजुरांत पत्रकं वाटत हिंडत असे. लहानाने मोठ्याकडे अर्धा रस्ता मागावा, याहून स्वच्छ राजकारण मला माहीत नव्हतं. "तू डावा, मी पन डावा," मामा म्हणत. "फरक येवढाच, तू पत्रकं वाटतोस, मी रस्ता वाटतो."

एका दुपारी केळी घेऊन आम्ही मनोरच्या बाजाराला निघालो होतो. समोरून ट्रक आला आणि, काय सांगू, दुरूनच त्याने आपली चाकं मातीत उतरवली. मामांचा चेहरा उजळला. "बघ, बघ, उतरला!" ते ओरडले, खिडकीबाहेर काढून त्याला हात हलवला, आणि नियमाप्रमाणे आपलीही डावी चाकं खाली घेतली. त्या मातीतून मोळी घेतलेली एक बाई चालली होती. डांबर अनवाणी पायांना भाजतं, म्हणून डोंगराकडची माणसं मातीतूनच चालतात. आम्ही दोघेही ट्रककडे पाहत होतो.

बाई जगली, पण कंबर कायमची गेली. ट्रकवाला धावत आला आणि मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चाचा, आपकी कोई गलती नहीं. आप तो अपनी साइड में थे." पंचनाम्यातही जमादाराने हेच लिहिलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मामांचा नाही. "माजी साइड?" ते ज्याला त्याला विचारत. "मग ती कुनाच्या साइडनं चालली होती?"

आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. नवऱ्याने खाट टाकली आणि स्वतः खाली बसला. "चूक आमचीच बाबा," तो म्हणाला. "रस्ता मोटारीचा हाय. आमीच मदी आलो."

"अरे, तुला शिव्या देता येत नाय का?" मामा जवळजवळ रडत ओरडले.

"देतो की. पन मंग मोळी कोन उचलल?"

मला त्या नम्रतेचा संताप आला. दोन गाड्यांमधला न्याय कायद्याला ठाऊक होता. पायी चालणारं माणूस त्यात कुठेच नव्हतं. आणि या देशात बहुतेक माणसं पायीच चालतात.

मामांनी लॉरी विकली नाही. समोरून गाडी आली की ते डांबरावरच थांबत, इंजिन बंद करून खाली उतरत, डावीकडची माती पुढपर्यंत न्याहाळत, आणि मगच चाकं उतरवत. ट्रकवाल्यांत त्यांचं नाव 'पागल चाचा' पडलं. मामीसुद्धा त्यांच्याशी भांडायची थांबली.

यंदा रस्ता रुंद झाला. मधोमध पांढरा पट्टा आला. डावी-उजवी आता सरकारनेच आखून दिली. मामांना आनंद होईल म्हणून मी त्यांना तो दाखवायला नेलं. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही. ते कडेला गेले. रुंदीकरणात साइडपट्टी गेली होती. डांबर संपलं की लगेच खोल चर.

"हितनं चालून दाखव," मामा म्हणाले. "आनि डोक्यावर मोळी हाय असं समज."

मी चालू लागलो आणि घसरून चरात गेलो. एरवी त्यांनी यावरून मला महिनाभर छळलं असतं. त्यांनी वाकून हात दिला, वर ओढून घेतलं, आणि लहान मुलाची झटकावी तशी माझ्या कपड्यांची माती झटकली. तेवढ्यात मनोरकडून बायकांची रांग आली. त्या चराच्या तळातून चालत होत्या, त्यामुळे रस्त्यावरून माणसं दिसत नव्हती. नुसत्या मोळ्या डांबराच्या कडेकडेने हलत पुढे सरकत होत्या. शेवटची मोळी वळणाआड जाईपर्यंत मामा तिथे उभे राहिले.