सुलभाताईंची चार पानं

सुलभाताईंच्या हातात कुठलंही पत्र दिलं की त्या आधी ते उलटं करून मागे काय छापलंय ते बघायच्या. हॅनोव्हरमधली आमची निम्मी मराठी पोरं जर्मन पत्रं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात येत. पोरगं रडकुंडीला आलेलं असे, आणि ताई चष्मा लावून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत शांतपणे वाचत बसत. मध्ये कुणी तोंड उघडलं की म्हणायच्या, "थांब रे बाबा. अर्धवट वाचून घाबरायचं पण नाही आणि शहाणपण पण शिकवायचं नाही."

एकदा एका मुलाला घरमालकाने घर सोडायची नोटीस दिली. माझ्यासकट सगळ्यांनी त्याला दुसरं घर शोधायला लावलं. ताई म्हणाल्या, "तुझा मीटफरट्राग आण बघू." भाडेकरारावर मालक म्हणून नवरा-बायको दोघांची नावं होती आणि नोटिशीवर सही एकट्या नवऱ्याची. "ही चालत नाही. दोघांची सही लागते," एवढं बोलून त्या कुकर लावायला उठल्या. तो मुलगा डिग्री मिळेपर्यंत त्याच घरात राहिला.

तीस वर्षं त्या तिथे फिजिओथेरपिस्ट होत्या. नवरा युर्गन जर्मन. त्यांना मराठीत "जेवून जा" एवढंच म्हणता यायचं आणि तेवढं ते मनापासून म्हणायचे. त्यामुळे ताई आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा त्या निवडून येणार हे ठरल्यासारखंच होतं.

मंडळाचं मासिक वार्तापत्र मी चालवायचो. तसा मी वोल्फ्सबुर्गला इंजिनियर, पण संपादक म्हणवून घ्यायची भारी हौस. टीव्हीवरचे चर्चा करणारे लोक न वाचता बोलतात म्हणून मी नाकं मुरडायचो. आणि मी काय केलं? कामावरून परतताना ट्रेनमध्ये अर्ध्या तासात लेख खरडला. "लोकप्रियता म्हणजे कार्यक्रम नव्हे" असं शीर्षक दिलं. ताई सगळ्यांच्या लाडक्या आहेत, पण प्रेमाने जेवायला वाढणं वेगळं आणि मंडळ चालवणं वेगळं, त्यांच्याकडे ठोस आराखडा कुठे आहे, असा सवाल ठोकून दिला. यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे हेच चाललं होतं, ते मी जरा नटवलं. लोकांनी "निर्भीड!" म्हणून अंगठ्याचे इमोजी पाठवले आणि मी खूश झालो.

ताईंचा आराखडा माझ्या इनबॉक्समध्ये पडून होता. वार्तापत्रात छापायला म्हणून त्यांनी तो फक्त मला पाठवला होता, चार पानं. मी ती फाइल उघडलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

"मिलिंद, मी पाठवलेलं वाचलंस ना?"

"हो ताई, वाचलं."

"पूर्ण?"

"पूर्ण वाचलं. पण त्यात ठोस असं काही दिसलं नाही मला. म्हणून छापलं नाही."

तेव्हा "नाही वाचलं, चुकलं माझं" म्हणालो असतो तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते आणि वर जेवायला बोलावलं असतं. मला लाज वाटली आणि मी खोटं बोललो.

ताई म्हणाल्या, "आल्झो, असं आहे तर. मग नसेल काही. मला वाटलं होतं आहे. वाचून सांगतोयस ना, मग ठीक आहे." संध्याकाळी त्यांनी उमेदवारी मागे घेतली. तब्येतीचं कारण दिलं.

त्या हिवाळ्यात आपली एक नवी आलेली विद्यार्थिनी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये एकटी पडून होती. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. ते कळल्यावर मी ती फाइल उघडली. प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे एक घर, आजारपणात हॉस्पिटलमध्ये कोण जाणार, जर्मन पत्रं वाचून द्यायला कोण बसणार, सगळं नावानिशी लिहिलेलं. बहुतेकांना त्यांनी आधी विचारूनही ठेवलं होतं. तिसऱ्या पानावर माझं नाव होतं. "मिलिंद, शनिवारी. अजून विचारायचं आहे. जर्मन उत्तम. कंटाळा करतो, पण सांगितलं की येतो."

मी खूप रडलो. तरी त्यांच्याकडे गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, असं करत राहिलो. मग ताई आणि युर्गन ड्रेस्डेनला मुलीजवळ राहायला गेले. दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलून ठेवून दिला.

मागच्या वसंतात ताई गेल्या. ड्रेस्डेनच्या स्मशानभूमीत युर्गन सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. माझं नाव ऐकल्यावर त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. जर्मनमध्ये म्हणाले, "तुम्ही मिलिंद. तुमची ती फार आठवण काढायची. म्हणायची, बाकीचे नुसते बोलत होते, त्या एकट्याने सगळं वाचलं आणि तोंडावर खरं सांगितलं."

मी म्हणालो, "हो, वाचलं होतं मी."