डॉलरचा भाव आणि पापलेटांची पाटी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात वास येतो, नासलेल्या पापलेटांचा.

पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. बोरीवलीतल्या एका सोसायटीतून दागिने चोरीला गेल्याची फिर्याद आली. फिर्यादी खासगी कंपनीत अधिकारी, एकुलती मुलगी अमेरिकेत शिकायला. कुलूप शाबूत, म्हणजे काम आतल्याच माणसाचं. पंचनामा चालू असतानाच वॉचमन कानाशी लागला, "साहेब, ती कोळीण मावशी आहे ना, एकटीच आत जाते."

फिर्यादीची बायको म्हणाली, "वीस वर्षं येतेय हो. स्वयंपाकघरात बसून मासे साफ करून देते. पण दुसरं कुणी येतच नाही." फिर्यादी गप्प होते. मला वाटलं, धक्का बसलाय.

बाईमाणसाचा जबाब कायद्याने तिच्या घरी जाऊन घ्यायचा. मी घाईत तिला बाजाराच्या वाटेवरूनच ठाण्यात आणवलं. महिला शिपाई हजर होती, कोणी बोटही लावलं नाही. पण दुपारपर्यंत मी तेच ते प्रश्न विचारत राहिलो. वास येतो म्हणून तिची पाटी बाहेर उन्हात ठेवायला लावली.

"अरे साहेब, माझ्याच अंगावर बघ किती सोनं हाय! दुसऱ्याचं कशाला घेऊ?" ती ताडकन म्हणाली. मग आवाज उतरला. "वहिनीनं माझं नाव सांगितलं?"

मी पुढचा प्रश्न विचारला. सुटल्यावर तिने सगळी मासळी कचराकुंडीत ओतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने रोज एक आकडा लिहिलेला होता. हळूहळू चढत गेलेला. फिर्यादीच्या आठवडाभर आधी आकडे थांबले होते.

"डॉलरचा भाव," बायको सहज म्हणाली. "मुलीची फी भरायची ना, हे रोज लिहितात."

"मग थांबले का?"

फिर्यादी खुर्चीत बसले. "तिकडे सरकार बदललं, नवे कर आले, इकडे रुपया घसरत गेला. कर्ज मंजूर झालं होतं जुन्या भावाने. रोज वाटायचं, उद्या उतरेल. मुदत संपत आली. हिच्या आईच्या पाटल्या विकल्या. हिने कपाट उघडलं, तेव्हा चोरी झाली म्हणालो."

"अहो, मी नाही म्हटलं असतं का?" बायको एवढंच बोलली.

"मावशीचं नाव निघेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"आणि निघाल्यावर?"



खोट्या फिर्यादीचा अहवाल न्यायालयात गेला. मी माफी मागायला कोळीवाड्यात गेलो. मावशीने चहा पाजला. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

रुपया कोण पाडतं, कोण सावरतं, ते मला आजही नीट कळत नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा हात माझा होता, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. चूक माझीच.

आता मावशी आमच्याकडेही मासे देते. माझी बायको दर वेळी आत बोलावते. ती बाहेर जिन्यावरच बसते आणि मान खाली घालून म्हणते, "नको गो ताई. कोनाच्याच घरात नाय जात मी आता."