तयार केलेलं रक्त

परभणी जिल्ह्यात रक्त तपासून घेणारे पुष्कळ आहेत; पण तपासणीसाठी रक्ताची आठ दिवस आधीपासून तयारी करून घेणारे माझे थोरले साडू एकटेच. त्यांची सगळी नोकरी पालमच्या एका सरकारी कचेरीत गेली. वरचे साहेब तपासणीला येणार असे कळले की भिंतींना चुना लागायचा, फायलींवरची धूळ झटकली जायची, आणि साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली की सगळे पूर्ववत. निवृत्तीनंतर साखरेचा आजार निघाला तेव्हा साडूभाऊंनी हीच पद्धत स्वतःच्या देहाला लावली. तारीख ठरली की भात बंद, चहा बिनसाखरेचा, दोन्ही वेळा मेथी आणि सकाळी कारल्याचा रस. आदल्या संध्याकाळी ते एसटीने आमच्याकडे परभणीला येत, अर्धी भाकरी खात आणि गच्चीवर फेऱ्या मारत. सकाळी उपाशीपोटी रक्त दिले की लॅबमधून थेट हॉटेलात. पुढ्यात जिलेबी आली की म्हणत, "पाहुणे, आता पुढच्या बारीपर्यंत आपण मोकळे." जेवणानंतर पुन्हा रक्त द्यायला सांगितलेले असे, ते त्यांना अन्यायाचे वाटे आणि ती फेरी ते चुकवत. "एकदा तपासून गेल्यावर परत यायचं म्हंजे ती तपासणी न्हाई, धाड झाली."

रिपोर्ट अर्थातच चांगला येई. पालमला उतरल्यावर घरी जाण्याआधी ते तो स्टँडवर चार जणांना दाखवत. एकदा पानवाला म्हणाला, "साहेब, इतकी चांगली हाय तर गोळ्या कशापायी खाता?" त्या दिवसापासून त्यांनी गोळ्याही अर्ध्या केल्या. आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी, मला म्हणायची, "दाजी, ह्यांची साखर तपासून काय उपेग? ह्यांचं सोंग तपासा."

हे हसण्यावारी नेता आले असते. पण साडूभाऊंच्या वडिलांचा पाय याच आजारात गुडघ्याखालून कापावा लागला होता. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "बाप नसलेला पाय खाजवायचा, पाहुणे. हात खाली न्यायचा अन् तिथं काहीच नसायचं." चांगला रिपोर्ट त्यांना कशासाठी हवा असतो, ते मला तेव्हा कळले.

गेल्या उन्हाळ्यात नवी चप्पल चावली आणि अंगठ्याजवळची जखम भरेना. परभणीच्या डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगितले. साडूभाऊंची तयारी नेहमीसारखी चोख होती. उपाशीपोटीची साखर उत्तम आली. सरासरी मात्र फार चढलेली निघाली. डॉक्टरांनी समजावले: तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, रक्तातली साखर त्यांना चिकटते, आणि एकदा चिकटली की आठ दिवसांच्या पथ्याने ती सुटत नाही.

"म्हंजे मागच्या तारखेचं बी दिसतंय?" साडूभाऊंनी विचारले.

"सगळं दिसतं."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "रक्तानंच चुगली केली की."

"रक्त कुणाचं हाय?" बरोबर आलेली आक्का म्हणाली. "तुमचंच ना? मग खोटं कोण बोलायलंय?" आणि ती तिथेच, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, पदर तोंडाला लावून बसली.

अंगठा काढावा लागला. आता इन्सुलिन आहे, खरे पथ्य आहे, आणि सरासरीही हळूहळू उतरते आहे. जखम मात्र वर सरकते आहे. पायापर्यंत रक्त नीट पोहोचत नाही, या खेपेला पाहून काय ते ठरवू, असे डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवले होते.

गेल्या आठवड्यात आक्काला ताप होता म्हणून साडूभाऊ एकटेच आले. पानात वाढले तेवढे जेवले, झोपले, सकाळी रक्त दिले. दुपारी रिपोर्ट मीच आणला. त्यांनी हात पुढे केला नाही. डॉक्टरांनी नाव पुकारले तेव्हा ते बाकावरून उठेनात.

"पाहुणे, आत तुमीच जा. मी हितंच बसतो."

"साडूभाऊ, पाय बघायचाय त्यांना."

"बघतील की. मागून येतोच मी. आधी तुमी ऐकून घ्या. अन् वाईट असलं तर हितं सांगू नका. पालमला चला, आक्कासमोर सांगा."

मी हो म्हणालो. पट्टी बांधलेला पाय त्यांनी हळूच बाकाखाली ओढून घेतला, आणि मी दार लोटले.