बारावा बार

डॉ. प्रमिला वारे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती नगरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत, माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी. स्फोटकांच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. मी एम.एस्सी.चे सुवर्णपदक मिरवतच आलो होतो म्हणा ना. त्यांनी माझ्या कागदांकडे पाहिलेसुद्धा नाही.

“गाव कोणतं?”

“काष्टी.”

“मग बाजारात बैल घेताना काय बघतात, ते ठाऊक असेल.”

“दात बघतात मॅडम, चाल बघतात.”

“इथंही तेच करायचं. विकणारा काय सांगतो त्यावर जायचं नाही. आणि मॅडम नको, बाई म्हणा.”

तेव्हापासून त्या माझ्या बाई. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, मीही निवृत्तीला आलो आहे, तरी त्यांचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. घरचे हसतात. हसू देत.

त्याच दिवशी दुपारी बाईंनी आम्हा नव्या मंडळींना पहिला धडा दिला. टेबलावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारले, की एक किलो गुळात ऊर्जा जास्त की एक किलो स्फोटकात? आम्ही सगळे एका सुरात चुकलो. ऊर्जा गुळात कितीतरी जास्त असते. फरक असतो तो घाईचा. गूळ जळतो तो हवेतला प्राणवायू मागून घेत, सावकाश, एक थर तापला की दुसरा. स्फोटकाचा रेणू आपला प्राणवायू बरोबरच बाळगून असतो. त्यातून दाबाची लाट निघते ती त्या पदार्थातल्या आवाजाच्याही पुढे पळते, सेकंदाला काही किलोमीटर. पुढच्या थराला चाहूल लागण्याआधीच ती त्याच्यावर येऊन आदळलेली असते, आणि त्या थराचे रेणू मोडून जी ऊर्जा सुटते तीच लाटेला पुढे ढकलते. बाई हे सांगत होत्या आणि आम्ही त्या खड्याकडे बघत बसलो होतो. नंतर तो खडा बाईंनी आम्हाला वाटून दिला. मला तो खाववेना, इतका मी भारावलो होतो.

बाईंचे मोठे संशोधन आहे ते पोकळ्यांवर. स्फोटकाच्या घट्ट दिसणाऱ्या कांडीत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राहून जातात. लाट तिथे पोचली की बुडबुडा चिरडला जातो, तेवढाच ठिपका भयानक तापतो आणि रासायनिक क्रियेची सुरुवात बहुधा तिथून होते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो, तोच आग लावणारा. त्या एका ठिपक्यामागे बाईंनी उमेदीची वीस वर्षे घातली. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेले लाटेचे चित्र पहिल्यांदा नीट उमटले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई चित्रावर वाकल्या. म्हणाल्या, “बघा तरी, किती शिस्तीत चाललंय!” ज्याला जग विध्वंस म्हणते त्यात शिस्त पाहणारे माणूस मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

एकदा क्ष-किरणाच्या पट्टीवर एक बारीक डाग दिसला म्हणून त्यांनी अख्खी खेप अडवून धरली. वरून फोनवर फोन आले. बाईंनी प्रत्येकाला एकच उत्तर दिले, “बुडबुड्याला हुद्दा कळत नाही.” सुरुवातीच्या काळात कानात नुसता कापूस घालून चाचण्या घेतल्याने त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे त्या फोनवर फार मोठ्याने बोलतात. हे उत्तर तीन इमारतींना ऐकू गेले. माझी आई नगरच्या दवाखान्यात होती, तेव्हा माझ्या चाचण्यांचे सगळे दिवस बाईंनी स्वतः उन्हात उभे राहून काढले. तेही मला कळले ते असेच, त्या दुसऱ्या कोणाला तरी “त्याला सांगू नका” असे ओरडून सांगत होत्या म्हणून.

निवृत्तीनंतर बाई पुण्यात फ्लॅट घेतील असे आम्ही धरून चाललो होतो. त्या खर्ड्याजवळच्या आपल्या वस्तीवर गेल्या. त्या भागात विहीर पाडायची म्हणजे काळ्या पाषाणाशी गाठ, आणि सुरुंगाशिवाय तो हलत नाही. विहिरी पाडणाऱ्या टोळ्यांची जुनी रीत अशी, की परवानाधारक माणूस भोके भरतो, वाती पेटवून वर येतो, सगळे लांब जातात आणि बार मोजतात. जितकी भोके भरली तितके बार ऐकू आले तरच खाली उतरायचे. एक जरी कमी भरला तर एक सुरुंग मुका राहिला, म्हणजे दगडात अजून जिवंत बसला आहे. मग त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचे नाही.

बाईंनी या रीतीला नावे ठेवली नाहीत. तिच्यात फक्त एका परातीची भर घातली. पाण्याने भरलेली परात जमिनीवर ठेवायची आणि पाण्यावर नजर ठेवायची. धक्का दगडातून येतो तो आवाजाच्या आधी पोचतो. पाणी शहारते, मग बार ऐकू येतो. “माझे कान गेले म्हणून मी डोळे कामाला लावले,” असे त्या सांगत.

काही वर्षांपूर्वी दसरा होऊन गेल्यावर मी त्यांना भेटायला गेलो होतो. वस्तीच्या विहिरीचे काम शेवटाला आले होते. बारा भोके भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीला ऊसतोडीला न्यायला गाडी येणार होती, म्हणून त्याच दिवशी दगड वर काढून विहीर पुरी करायची सगळ्यांना घाई होती. टोळीचे मुकादम निवृत्तीभाऊ विहिरीच्या अंगाला, यारी म्हणजे दगड उचलायचे यंत्र, त्याच्या पलीकडे बांधाच्या आडोशाला थांबले होते. बाई आणि मी बरेच लांब एका लिंबाखाली. बाई परातीवर वाकलेल्या, मी बार मोजत होतो.

शेवटचा बार झाला. बाईंनी मान वर करायच्या आत मी हात हलवून ओरडलो, “बारा!”

यारीवाल्याने निरोप पुढे दिला, “बारा झाले म्हनं!” निवृत्तीभाऊ उठले आणि यारीच्या बादलीत पाय ठेवायला निघाले.

“किती म्हणालात?” बाईंनी विचारले.

“बारा.”

“पाणी अकराच वेळा हललं.”

“बाई, मी स्वतःच्या कानांनी मोजलेत.”

सदुसष्ट वर्षांच्या त्या बाई पदर खोचून ढेकळांतून पळत सुटल्या. “निवृत्ती! पाय भाईर काढ! यारी बंद करा!” मी मागे पळत होतो. निवृत्तीभाऊंचा एक पाय बादलीत होता, एक काठावर. आजही डोळे मिटले की मला ते दोन पाय दिसतात.

निवृत्तीभाऊ वैतागले. “बाई, आत्ता तर तुमीच बारा म्हनलात ना? सकाळी गाडी यायची हाय. लई काम न्हाई ऱ्हायलं, काढू द्या आजच.”

“गाडी थांबंल,” बाई म्हणाल्या. “तू गेलास तर थांबनार हायस का?”

कोणी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी परवानाधारक माणूस पुन्हा आला. एका कपारीजवळचे भोक भरलेलेच होते, त्याची वात मधेच विझली होती. त्याने ते सगळ्यांना लांब घालवून निकामी केले आणि मगच टोळी उतरली. गाडी एक दिवस उशिरा गेली.

मग मी बारावा बार ऐकला तो कुठला? समोर डोंगराचा कडा होता. प्रत्येक बाराचा प्रतिध्वनी त्या कड्यावरून परत येत होता, पण पुढच्या बाराच्या आवाजात तो बुडत होता. शेवटच्या बारामागे दुसरा बार नव्हता, म्हणून त्याचा प्रतिध्वनी तेवढा मोकळा ऐकू आला आणि मी तो मोजला. आयुष्यभर लाटांचा अभ्यास केलेला मी. शाळकरी पोरालाही लाज वाटावी अशी ही चूक होती, आणि ती अंगावर आली असती दुसऱ्याच्या.

टोळीच्या वहीत बाईंनी एक रकाना ठेवला होता, ज्याची चूक झाली त्याने आपल्या हाताने नाव लिहायचे. मी पेन घेतले. बाईंनी वही ओढून घेतली आणि लिहिले, ‘प्रमिला वारे. पाहुण्यांना कड्याबद्दल आधी सांगितले नाही.’

“बाई, हे खरं नाही.”

“अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्याकडे राहू द्या.”

टोळीतल्या सर्वांच्या मनात बाईंविषयी अपार आदर आहे. पण मागे निवृत्तीभाऊ मला एका लग्नात भेटले आणि कौतुकानेच म्हणाले, “बाई पन चुकल्या हुत्या की एकदा, पन लिव्हून ठिवलं त्यांनी.” मी मान हलवली. जेवून निघून आलो. इतकी वर्षे मी ते अर्धे असेच सांभाळले.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समारंभाला निवृत्तीभाऊ येणार आहेत आणि ग्रंथाची एक प्रत त्यांनाही मिळणार आहे. म्हणून इथे सर्वांसमोर लिहितो. भाऊ, त्या दिवशी लिंबाखालून ‘बारा’ म्हणाल्या त्या बाई नव्हत्या, तो मी होतो. तुम्ही माझ्या शब्दावर बादलीत पाय ठेवला होता. मला क्षमा करा.

आणि बाई, वहीतले तुमचे नाव खोडून तिथे माझे लिहायला मी समारंभानंतर खर्ड्याला येतो आहे. तुम्ही सहजी खोडू देणार नाही, वाद घालाल, मोठ्याने घालाल. घाला. पुष्कळ वर्षे घाला. तेवढे आयुष्य आणि तेवढा दम तुम्हाला लाभो, आणि दर वेळी हरणारा मीच असो.