भाऊंनी मिशी काढली तो दिवस

सिनेमा कंपनी रत्नागिरीत आली तेव्हा माझं शिंप्याचं दुकान जेमतेम चालत होतं. मूकपटांचे दिवस होते ते. कंपनीला चित्रासाठी समुद्र हवा होता, म्हणून ती घाट उतरून इकडे आली होती. त्यांचा शिंपी वाटेतच तापाने पडला आणि माघारी गेला. कोणीतरी माझं नाव सुचवलं. हमालाच्या डोक्यावर मशीन देऊन मी एका बागायतदाराच्या आंब्याच्या वखारीत दाखल झालो. मोसम लांब होता, वखार रिकामी होती, पण पेंढ्याचा कुबट वास हटत नव्हता. त्याच वासात कंपनीच्या लुगड्यांच्या पेट्या मांडल्या होत्या.

त्या पेट्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या गृहस्थांना कंपनीतले लोक तोंडावर 'मावशी' म्हणत. पंचेचाळिशीचे, गोरे, सडसडीत. आधी नाटकात आणि मग सिनेमात त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची कामं केली होती. पुढे पडद्यावर बायकाच येऊ लागल्या, आणि यांच्याकडे नट्यांना लुगडी नेसवायचं काम आलं. मी पहिल्याच दिवशी त्यांना 'भाऊ' म्हटलं. त्यांनी चमकून वर पाहिलं. त्यानंतर दुपारचा चहा ते माझ्या मशीनपाशीच बसून घेऊ लागले.

त्यांना मिशी होती. नीट कातरलेली, अजून पुरती न भरलेली. बोलताना बोट सारखं तिच्यावरून फिरायचं.

"जन्मात पहिल्यांदा ठेवलीय, मास्तर," ते एकदा म्हणाले. "आजवर कुठल्या नाटकवाल्याने ठेवू दिली नाही."

"आता कशी ठेवलीत?"

"मुलीसाठी." मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. घर गुहागरकडचं. बायको गेली तेव्हा मुलगी पाळण्यात होती; धाकट्या भावाने तिला वाढवलं. आता पावसच्या एका बागायतदाराच्या घरात तिचं ठरत आलं होतं. भावाने त्या लोकांना सांगितलं होतं, मुलीचे वडील कंपनीत कारकून आहेत. "भावाने मला बजावलंय, पुन्हा लुगड्यात दिसलात तर पोर आमच्या गळ्यात राहील. बैठकीला गेलो तेव्हा ही मिशी नुकती फुटत होती. नवऱ्यामुलाचे काका माझ्याशी अगदी बरोबरीने बोलले हो."

कंपनीचा मुक्काम संपत आला तेव्हा एकच प्रसंग घ्यायचा उरला होता. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून राणी समुद्रात चालत जाते, एकदा मागे वळून पाहते आणि लाटेखाली जाते. भाट्याच्या पुळणीवर सगळी तयारी झाली. उजेड परतवायला चंदेरी कागद लावलेल्या फळ्या उन्हात धरून माणसं उभी राहिली. गावातून खाडी ओलांडून तरीने लोक आले, पलीकडच्या गावांतूनही गाड्या जुंपून आले. जत्रेसारखी गर्दी झाली.

आणि राणीचं काम करणारी नटी पाण्यात जाईना. लाट पायाला लागली की किंचाळून मागे पळायची. कंपनीचे मालक आधी गोड बोलले, मग ओरडले. ती वाळूत बसून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सगळं सामान आगबोटीवर चढायचं होतं, आणि ऊन तर कलायला लागलं होतं.

कपड्यांसाठी उभारलेल्या आमच्या कनातीत मालक आले. "मावशी, नेसा."

भाऊंच्या हातातली लुगड्याची घडी तशीच राहिली. "मालक, आता नको. मी सांगितलंय तुम्हाला."

"लांबून घेणार आहोत. कोण ओळखतंय?"

"पदर घेऊ का तोंडावर?"

"मागे वळून बघायचंय. मिशी काढावी लागेल." मालकांचा आवाज खाली आला. "एवढ्या माणसांचे कष्ट पाण्यात जातील. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार आहे?"

शेवटचं वाक्य त्यांनी नुसतं गोड बोलून काम काढायला म्हटलं असेल. पण ते ऐकताना भाऊंचा चेहरा बदललेला मी पाहिला. हातातली घडी त्यांनी पेटीवर ठेवली. मग खाली बसले आणि कंपनीच्या न्हाव्यापुढे तोंड केलं.

नटीची चोळी त्यांना होईना. मी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून जादा कापडाच्या कळ्या घातल्या. लुगडं त्यांनी स्वतःच नेसलं. बोटं इतकी सराईत चालत होती की निऱ्यांकडे पाहावंही लागलं नाही. काजळ घातलं, केसांचा टोप चढवला आणि ते बाहेर पडले.

त्यांची चाल मला आजही सांगता येणार नाही. गर्दीत हसणं, खिदळणं चाललं होतं, ते थांबलं. माझ्या शेजारी उभी असलेली एक कोळीण पुटपुटली, "बाय गो, खरीच जीव द्यायला चाललीय." छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर ते वळले आणि किनाऱ्याकडे पाहिलं. मग लाट आली.

ओलं लुगडं पायांत गुरफटलं आणि दोघा गड्यांनी त्यांना ओढून बाहेर आणलं. टोप हातात आला होता, काजळ गालांवर ओघळलं होतं. लोक भोवती जमले. त्यात पांढरा फेटा बांधलेले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांनी भाऊंकडे निरखून पाहिलं.

"आम्हाला कारकून म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले.

भाऊंनी हात जोडले. "काकासाहेब, मुलीचा यात काही..."

"आमचं काही म्हणणं नाही. फक्त आमच्याकडून आता निरोपाची वाट पाहू नका." ते आपल्या माणसांना घेऊन बैलगाडीकडे निघून गेले.

कनातीत आल्यावर भाऊ कुडकुडत उभे राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "गाठ सोडा हो. ओली झालीय, माझ्याने सुटत नाही."

त्यांना ताप भरला. कंपनी आगबोटीने निघून गेली आणि ते माझ्या घरी राहिले. माझ्या बायकोने काढे दिले, गरम पेज भरवली. बरे झाल्यावर ते रोज सकाळी न चुकता दाढी-मिशी काढू लागले. अंगात ताकद आली तेव्हा कंपनीकडे परत गेले. दुसरं जायचं कुठे?

ते चित्र वर्षभराने गावात तंबूत लागलं. मी पाहायला गेलो. राणी समुद्रात जाते एवढंच होतं, पाठमोरी. मागे वळून पाहणं कापून टाकलं होतं. लोकांनी नटीच्या नावाने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं, हर्णैच्या एका बिजवराशी. भावाने भाऊंना येऊ नका म्हणून कळवलं. भाऊ मुद्दाम रत्नागिरीला आले आणि माझ्याकडे एक जरीचा खण ठेवून गेले. "शिवा आणि तुम्हीच नेऊन द्या. माप मला ठाऊक नाही, भावजयीला विचारा."

मी गुहागरला गेलो. मुलगी ओटीवर आली, चोळी हातात घेऊन बराच वेळ शिवण पाहत राहिली. वडिलांचेच डोळे. तिचे काका आत गेलेत असं पाहून तिने हळूच विचारलं,

"त्या दिवशी समुद्रावर तुम्ही होतात ना? बाबा कसे दिसत होते हो?"

"सुंदर," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. "मला कधी बघूच दिलं नाही," ती म्हणाली, आणि आतून हाक आली तशी उठून गेली.