ट्रॅक्टरची खांदेमळण

आमच्या सोसायटीत नानांच्या आधी त्यांचा वास यायचा. डिझेलचा. माणूस जन्मभर जिल्हा कचेरीत कारकून, बोटांना शाईशिवाय काही लागलं नाही, आणि निवृत्तीनंतर हे! विहिरी आटल्या तेव्हा देवगाव रंगारीचं शेत विकलं, त्यासोबत वडिलांचा ट्रॅक्टरही गेला. पुढं तो बाभळीखाली गंजत पडलेला नानांना दिसला आणि त्यांनी तो ट्रकात घालून थेट आमच्या पार्किंगमध्ये आणला. दोन गाड्यांची जागा अडली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. कपाळाला हात लावला.

"सेक्रेटरी, हा आजारी आहे, मेलेला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्षभर ते त्याच्याखाली आडवे असायचे, बाहेर फक्त पाय. पोस्टमनसुद्धा पायांशीच बोलायचा. चितेगावहून रशीदचाचा मिस्त्री यायचे. दोघं एका नटावरून तासभर भांडायचे आणि मग डबा उघडून एकत्र जेवायचे.

तक्रारी वाढल्या तशी मी नोटीस काढली. पोळ्याला ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊन आला तर राहील, नाहीतर भंगारात. नाना म्हणाले, "पोळ्याला? मग तर झालंच!"

झालं ते भलतंच. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं, शेतकऱ्याचं घर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, हे त्या कशा विसरणार? "आवं, ह्याचा खांदा कोन्ता म्हनायचा?" त्यांनी विचारलं. नानांनी भक्तिभावानं पंख्याचा पट्टा दाखवला. "सगळा भार यावरच." काकूंनी साजूक तूप चोळचोळ चोळलं.

पोळ्याच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला! धुराड्याला गोंडे, बॉनेटवर झूल, वर नाना ताठ बसलेले. फाटकाशी पोचले अन् रेडिएटर भसाभसा उकळायला लागला. रशीदचाचांनी पट्टा चाचपला. "अरे नाना, बेल्ट कू घी किसने लगाया? पंखा कैसा फिरेंगा?"

काकू तोंडाला पदर लावून उभ्या. नानांचा चेहरा तर बघवेना. पट्टा पुसला, इंजिन थंड झालं, पण रेडिएटर कोरडा. आणि पाणी आणायचं कुठून? त्या वर्षी दुष्काळ, टँकर चार दिवसांनी यायचा, घरोघरी तांब्या तांब्या जपलेला. शेवटी मीच वर गेलो आणि आंघोळीची बादली उचलली. बायको म्हणाली, "अन् आंघोळ?" म्हटलं, "उद्या बघू!" खाली येतो तर जिन्यात ही गर्दी. तक्रारी करणारेच कळश्या घेऊन उभे.

ट्रॅक्टर बाहेर गेला, चौकाला वळसा घालून परत आला. मी नोटीस फाडून टाकली.

गेल्या वर्षी नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "भंगारवाल्याला बोलवा आता, सेक्रेटरी. माझ्यानं नाय होत." मी भडकलोच. "ठेवायचा की काढायचा ते सोसायटी ठरवेल. तुम्ही कोण सांगणारे?" बोललो खरं, पण रडू आवरेना.

आता दर रविवारी मी ट्रॅक्टर सुरू करतो आणि फोन बॉनेटपाशी धरतो. "रेस कमी करा, रेस!" पुण्याहून नाना खेकसतात. मग इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. परवा मी विचारलं, "बंद करू का?"

"नको," ते म्हणाले. "थोडा वेळ राहू द्या."