भावाच्या हातचं लुगडं

नोकरीची सगळी वर्षं मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. 'रूढी आणि कायदा यांतील फरक स्पष्ट करा' हा माझा परीक्षेतला आवडता प्रश्न. उत्तर ठरलेलं असायचं. रूढी मोडली तर लोक नाराज होतात, कायदा मोडला तर शिक्षा होते. पोरं हे घोकून यायची, जसंच्या तसं लिहायची आणि मी पैकीच्या पैकी मार्क द्यायची. आता ते पेपर पुन्हा हातात आले तर एकेकाला भोपळा देईन. पहिला भोपळा अर्थात शिकवणाऱ्या बाईला.

आम्ही तिघं भावंडं. आक्का थोरली, तिला गडहिंग्लजला दिलेली. मी मधली, नवऱ्याच्या नोकरीमुळे कोल्हापुरात राहिलेली. आणि आमच्या पाठीवरचा एकुलता एक भाऊ, शहराला लागून असलेल्या आमच्या गावात राहून उसाचं रान बघणारा. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात भाऊ आम्हा दोघींना साड्या घेऊन आला. आमच्याकडे ह्या साडीला अर्थ असतो. वडिलांच्या माघारी भाऊ बहिणींना बोलावतो, गोडधोड करून घालतो, साडी-चोळी करतो आणि मग गाडीत घालून हक्कसोड करायला नेतो. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मला काही नको, असं बहिणीनं सरकारी कचेरीत अंगठा टेकून लिहून द्यायचं. जाता जाता अंबाबाईचं दर्शन. साडी हातात घेतली की सही दिली, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही आणि न पाळणारी बाई आमच्या भागात शोधून सापडायची नाही.

आक्कानं साडी घेतली नाही. मी नाही म्हणाले असते तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. मी शिकलेली, म्हणजे आधीच बिघडलेली. पण आक्का सातवीतून शाळा सुटलेली, भावाला कडेवर घेऊन रानात जाणारी, त्याला बांधावर सावलीत निजवून उसातलं तण भांगलणारी. ती शांतपणे म्हणाली, "मी भांगललेलं रान हाय ते. माझं नाव लागू दे की तिथं. कसायचं तूच कस, मला उसाचं एक कांडं नको."

"आक्का, आमी काय परकं हाय व्हय?" भाऊ म्हणाला.

"परकं न्हाईस म्हणूनच म्हणतोय न्हवं," आक्का म्हणाली.

त्यानं साड्या पिशवीत परत घातल्या आणि चहा न घेता गेला. मग तलाठ्याकडं खेटे झाले, भावकीतले शहाणे येऊन 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' सांगून गेले, आणि शेवटी आम्हा दोघींचा वाटणीचा दावा लागला. दावा माझ्या मुलीनं चालवला. ती इथंच वकिली करते. मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच, हे वाक्य तिनं अर्जात असं काही लिहिलं होतं की वाचताना मला स्वतःच्या जन्माचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

दाव्याला तारीख पडायची. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. रूढीच्या कोर्टात मात्र तारीख पडत नाही. त्या वर्षीच भाऊबीज बंद झाली. गावच्या म्हाईला, म्हणजे देवीच्या जत्रेला, बकरी पडली, पै-पावणे झाडून सगळे जेवून गेले, आम्हा दोघींना निरोप नाही. चुलत भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर, त्याच्या एकट्याच्या नावानं. बाजारात वहिनी समोरून आली की कोथिंबिरीची जुडी अशी निरखायची, जणू तिच्यात काही लिहिलेलं आहे. शिक्षा कशाला म्हणतात ते मला त्या वर्षात कळलं. पुस्तकात फक्त 'लोक नाराज होतात' एवढंच होतं.

मला राग यायचा. आक्काला राग नाही, भीती होती. शेवटच्या आजारपणात ती कोल्हापूरच्या दवाखान्यात होती तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "रान मिळू दे न्हाईतर जाऊ दे. पर मला शेवटचं लुगडं म्हायेरचं पायजे. भावकीत म्हणतील, हिला म्हायेर न्हवतं."

आमच्याकडे बाई गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवतात, सवाष्णीला हिरवं. ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. मी आक्काला म्हणाले, "मी आहे ना." तिनं माझा हात सोडला आणि डोळे मिटले. मला तेव्हा वाटलं, तिची समजूत पटली.

एका सकाळी आक्काच्या नवऱ्याचा फोन आला. मी आणि मुलगी निघालो. कोल्हापूरहून गडहिंग्लजला जायचं तर निपाणी, संकेश्वर करत वाट मधेच कर्नाटकातून जाते. पाट्या कानडी होतात, पोलिसांच्या टोप्या बदलतात, दारूचे भाव बदलतात, आणि पुन्हा महाराष्ट्र लागला की सगळं पूर्ववत. दोन सरकारं आपापले कायदे जिथल्या तिथं थांबवतात. लुगड्याच्या कायद्याला हद्द नाही, तो इकडंही तोच आणि तिकडंही तोच.

आक्काला अंगणात मांडवाखाली ठेवलं होतं. आंघोळ घालायची तयारी झाली होती, हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, मळवटाला कुंकू काढून ठेवलं होतं. सगळे भावाची वाट बघत होते. फोन लावला की तो म्हणायचा, "निघालोय." ऊन चढलं. बायका पदरानं माशा हाकत बसल्या. कुणीतरी बर्फाची लादी आणायला गेलं. मला ते बघवेना. मी मुलीला घेऊन पेठेत गेले, चांगली हिरवी साडी घेतली आणि आणून आक्काच्या चुलत सासूपुढं धरली. सगळे विधी ती म्हातारीच करत होती.

"ही माहेरची. नेसवा."

म्हातारीनं साडीवरून हात फिरवला. आवाज मऊ होता तिचा, तेच वाईट. "लेकी, भनीचं लुगडं म्हायेरचं हुत न्हाई. तूबी दिलेलीच की. म्हायेर म्हंजे भाऊ."

मी तिला माझ्या जन्मापासूनच्या हक्काबद्दल काय सांगणार होते? ज्या रानात मी कायद्यानं भावाच्या बरोबरीची वारस, त्याच घरातून आलेल्या बहिणीच्या अंगावर साडी घालायला मी कुणीच नव्हते. माझी मुलगी बाजूला उभी होती. कोर्टात समोरच्याला वाक्य पूर्ण करू न देणारी माझी पोर, पण तिथं ती साडीच्या दुकानाची पावती घडी घालत राहिली.

मग आक्काचा नवरा उठला. फार न बोलणारा माणूस. गोठ्याच्या बाजूला जाऊन त्यानं भावाला फोन लावला. मी पाणी घ्यायला तिथंच उभी होते, त्यानं मला बघितलं तरी आवाज दाबला नाही.

"व्हय... व्हय. दिवस झालं की पोरं सही करतील. मी शब्द देतो की. तू आता ये, लै ताटकळत ठेवू नको तिला."

अर्ध्या तासाच्या आत भाऊ आला. कोल्हापूरहून गडहिंग्लज अर्ध्या तासात होत नाही, विमानानंसुद्धा नाही. तो सकाळपासून गडहिंग्लजच्याच एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसला होता, हे त्याच्या ड्रायव्हरनंच नंतर चहा पिता पिता सांगितलं. हातात पिशवी होती. हिरवी पैठणी घातलेली, जरीकाठी, माझ्या साडीच्या चौपट किमतीची. आक्काच्या पायांवर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. "आईगत वाढीवलं गं मला," म्हणाला. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं माझ्या मनात आलं, पण ते रडणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. खोटं असतं तर सोपं झालं असतं. बायका डोळे पुसत एकमेकींना म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. आक्काला पैठणी नेसवली. माझी साडी कुणीतरी घडी मोडू न देता परत माझ्या पिशवीत ठेवली.

तेरावं उरकून दिवस झाल्यावर भाच्यांनी आक्काच्या वाट्याच्या हक्कसोडीवर सह्या केल्या. मी त्यांना बोल लावत नाही. आपल्या आईला ताटकळत ठेवणं त्यांनाही बघवलं नव्हतं. तो करार लिहिलेला नव्हता, साक्षीदार नव्हते, धमकी म्हणावी असा एक शब्द त्यात नव्हता. मुलीला विचारलं, ह्यावर काही कलम आहे का? ती म्हणाली, "आई, काय सिद्ध करणार? भावानं बहिणीला साडी नेसवली, एवढंच घडलंय."

आमचा दावा पुढं निकाली निघाला. मी जिंकले. सात-बारावर भावाच्या नावाखाली माझं नाव आहे, आणि आक्कानं भांगललेल्या रानाला तिचं नाव कुठंच नाही. मी एकदाच बांधापर्यंत जाऊन आले. भाऊ लांबून दिसला, त्यानं पाठ फिरवली नाही आणि हाकही मारली नाही.

मागच्या महिन्यात माझी तब्येत जरा बिघडली, तेव्हा कपाटातून ती हिरवी साडी काढून मुलीपुढं ठेवली. म्हटलं, माझ्या वेळी ही नेसवा. आता तुझे बाबा नाहीत, हिरवी चालणार नाही म्हणून कुणी बोट दाखवलं तरी हीच. आणि कुणासाठी मला ताटकळत ठेवायचं नाही.

तिनं साडी मांडीवर घेतली. काठ चाचपून बघितला.

"मामाला निरोप तरी द्यायचा ना?"

"दे. पण वाट बघायची नाही."

"थोडी तरी बघावी लागेलच की, आई," माझी वकील मुलगी म्हणाली.